प्रमाण माणूस

मुकुंद तेरदाळकर सरांबद्दल वाईट बोलणारा माणूस अख्ख्या मिरजेत शोधून काढावा लागला असता. एकतीस वर्षं त्यांनी एकाच शाळेत भूगोल शिकवला. घरी पूजाअर्चा करत नसत, पण शेजाऱ्यांचा प्रसाद कधी नाकारला नाही. उरुसात दर्ग्याला जात, नाताळला जुन्या चर्चमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसत. हुंडा घेतलेल्या लग्नात जेवत नसत. सहा वर्षांपूर्वी जिल्हा सलोखा मंडळाकडून 'प्रमाण-नागरिक' म्हणून नेमणुकीचं पत्र आलं, तेव्हा सरांना आनंद झाला, नवल मात्र वाटलं नाही. चारशे माणसांची तपासणी होऊन त्यांची निवड झाली होती. असल्या कामाला असाच माणूस लागणार, असं त्यांना मनातून वाटलं. ते त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही. तशी गरजही पडली नाही, कारण जो तो तेच म्हणत होता.

मंडळ कशासाठी निघालं, ते सांगायला हवं. त्याआधीची काही वर्षं 'आमच्या भावना दुखावल्या' या एका वाक्यानं सगळ्यांना जेरीला आणलं होतं. कुणी कविता लिहिली, कुणी व्यंगचित्र काढलं, कुणी नाटकाचा फलक लावला, की तक्रार झालीच म्हणून समजा. खरंच दुखावलंय कोण आणि दुखावल्याचं सोंग कोण घेतंय, हे ठरवायला कोर्टाकडं काही साधन नव्हतं. मग ते मिळालं.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात तेव्हा विजेचे बारीक प्रवाह वाहतात, आणि वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकत्व येतं. मेंदूचं हे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा कोट्यवधी पटींनी दुबळं असतं. पूर्वी ते मोजायचं तर खोली व्यापणारं यंत्र आणि द्रवरूप हेलियमचं पिंप लागायचं. पुढं शर्टाच्या गुंडीएवढे संवेदक निघाले. तसल्या शंभरेक गुंड्या एका टोपीत बसवायच्या, ती माणसाच्या डोक्यावर चढवायची, त्याला एक दृश्य दाखवायचं आणि मेंदूत कुठं काय उठतं ते पाहायचं. अपमानाची कळ एका जागी उठते, राग दुसऱ्या, किळस तिसऱ्या, आणि मनातल्या मनात झालेला आनंद चौथ्या जागी. सगळ्यांत महत्त्वाचा पहिला अर्धा सेकंद. त्या वेळात माणसाचा विचार अजून पायात चपला सरकवत असतो, आणि भावना केव्हाच उंबऱ्याबाहेर पडलेली असते. म्हणून त्या अर्ध्या सेकंदात सोंग आणता येत नाही.

कायदा झाला. तक्रारदारानं आधी टोपी घालायची, दुखावल्याची खूण निघाली तरच तक्रार पुढं जायची. पहिल्याच वर्षी दहांतल्या नऊ तक्रारी गळून पडल्या. इतके दिवस टोपी घालणं म्हणजे फसवणं होतं, आता टोपी घातल्यावर फसवता येत नाही, असा विनोद पानपट्टीवर रूढ झाला.

पण एखादा माणूस कशानंही दुखावतो. त्यासाठी कायद्यात दुसरी अट होती. तेच दृश्य एका सामान्य, तटस्थ नागरिकाला दाखवायचं. त्याच्याही मेंदूत नापसंतीची रेघ ठरलेल्या उंचीच्या वर गेली, तरच ते बोलणं आक्षेपार्ह. हा माणूस म्हणजे प्रमाण-नागरिक. त्याचे आकडे सीलबंद राहायचे. निकालात फक्त 'वर' किंवा 'खाली' एवढंच यायचं. आकडे त्यालाही दाखवायचे नाहीत, नाहीतर पुढच्या खेपेला तो स्वतःला सावरून बसेल. आणि कायद्यानं 'बोलणं' या शब्दाचा अर्थ ऐसपैस धरला होता. लिहिणं, चित्र, घोषणा, गाणं, आणि चारचौघांत घातलेला धार्मिक पेहरावसुद्धा. अंगावरचं कापडही काहीतरी म्हणतच असतं, असं कायदा करणाऱ्यांचं म्हणणं. सरांना ते पटलं होतं. त्यावर त्यांनी एका वाचनालयात भाषणही दिलं होतं.

सहा वर्षांत सरांनी एकेचाळीस वेळा टोपी घातली. बेचाळिसाव्या वेळी सुनावणीच्या दालनात शिरले, तर समोरच्या बाकावर तहमीना मुजावर बसली होती.

"सर," म्हणत ती उठून उभी राहिली.

वीस वर्षांपूर्वी ती त्यांच्या हाताखाली दहावीत होती. समोच्च रेषांचा नकाशा पाहून डोंगर कुठून चढायला सोपा, हे तिच्याइतकं अचूक सांगणारं मूल सरांनी पुन्हा पाहिलं नव्हतं. पुढं ती सर्व्हेअर झाली, सिटी सर्व्हेच्या ऑफिसात लागली. काळा बुरखा, चेहरा उघडा, खांद्यावर मोजणीचं यंत्र, अशी ती गावातल्या गल्ल्यांतून फिरायची. रस्त्यात भेटली की सर सोबतच्या माणसाला अभिमानानं सांगायचे, "माझी विद्यार्थिनी."

प्रकरण असं होतं. कासार गल्लीतून ग्रामदैवताचा रथ जातो. रस्ता रुंद करायचा म्हणून ऑफिसनं मोजणी लावली, ती नेमकी रथाच्या आदल्या दिवशी. तहमीना तिथं गेली. गल्लीतल्या उत्सव मंडळाचा अध्यक्ष सुहास भोकरे आडवा आला. रांगोळ्या घातल्यात, उद्या रथ आहे, हा पेहराव इथं चालणार नाही, म्हणाला. तिनं रांगोळ्यांना वळसा घालून मोजणी पुरी केली आणि निघून गेली. कुणीतरी काढलेलं चित्रण गावभर फिरलं आणि लोक तोंडाला येईल ते बोलले. मग तिनं इथल्या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. 'मी गल्लीची मापं काढायला गेले होते, गल्लीनं माझीच मापं काढली. फीत सगळ्यांना सारखीच मोजते, असं मला शाळेत शिकवलं होतं. ते शाळेपुरतंच होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.' भोकऱ्याची तक्रार दोन्हींवर होती, पेहरावावरही आणि पत्रावरही.

सरांनी सलोखा मंडळाच्या अध्यक्षांना सांगितलं, की मुलगी माझ्या ओळखीची आहे. अध्यक्ष मृणालिनी घोरपडे निवृत्त न्यायाधीश होत्या. त्या म्हणाल्या, "हरकत नाही. ओळख अर्ध्या सेकंदानंतर कामाला लागते, ती आपण मोजतच नाही."

तहमीना हळूच म्हणाली, "तुम्ही आहात म्हटल्यावर मला काळजी नाही, सर."

धातूच्या जाड भिंतींच्या खोलीत तंत्रज्ञ प्रणोती बनसोडेनं नेहमीसारखी त्यांच्या डोक्यावर टोपी चढवली. पडद्यावर आधी नदीचा घाट आला, मग रिकामा रस्ता, मग पितळी तांब्या. मग कासार गल्लीचं चित्रण, आणि शेवटी तहमीनाच्या आवाजात तिचं पत्र. सरांना काही म्हणता काही वाटलं नाही. उलट तिला ओळखल्यावर बरंच वाटलं. ते बाहेर येऊन बसले आणि तिच्याकडं पाहून त्यांनी मान हलवली. होईल सगळं नीट, अशा अर्थानं.

तासाभरानं निकाल वाचला गेला. तक्रारदार, दुखावल्याची खूण स्पष्ट. प्रमाण-नागरिक, पेहराव, मर्यादेच्या वर. पत्र, मर्यादेच्या वर. त्या पेहरावात गावात मोजणीला जायचं नाही. पत्र मागं घेऊन त्याच वर्तमानपत्रात पंधरा दिवसांत माफी छापायची.

तहमीनानं सरांकडं पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. संशय असलेली भिंत फीत लावून पाहावी आणि ती संशयाएवढीच भरावी, तसं तिनं पाहिलं, आणि पर्स उचलून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सर प्रणोतीच्या टेबलापाशी उभे होते.

"यंत्र बिघडलंय," ते म्हणाले. "त्या मुलीला मी वर्गात शिकवलंय. माझ्या मनात तसलं काही येणं शक्य नाही."

"यंत्र कालच तपासलंय, सर."

"मग मला माझा आलेख बघू दे. स्वतःच्या शरीराची नोंद मागायचा हक्क आहे मला. रुग्णांच्या कायद्यात आहे तो."

प्रणोतीनं कलम शोधून पाहिलं, माणसानं स्वतः लेखी मागितलं तर त्या कायद्यापुढं सील टिकत नव्हतं. मग तिनं त्यांच्याकडून अर्ज लिहून घेतला, अंगठ्याचा ठसा घेतला आणि सील उघडलं.

"हा घाट. सपाट. हा रस्ता, सपाट. तांब्या, सपाट. आणि या तहमीना मॅडम."

रेघ भिंतीसारखी उभी चढली होती.

"दोनशे सत्तर मिलिसेकंद," प्रणोती म्हणाली. "पाव सेकंदाहून जरासं जास्त. तोवर तुम्ही त्यांना ओळखलंही नव्हतं. ओळखता ते इथं, बरंच पुढं."

सर पडद्याकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "हे दुःख असेल. बाईमाणसानं असं काळ्या कापडात गुंडाळून फिरावं, हे मला पटत नाही, मी पूर्वीपासून सांगत आलोय. ही कणव आहे, प्रणोती."

"कणव इथं दिसते, सर." तिनं मेंदूच्या चित्रावर एका जागी बोट ठेवलं. ती जागा शांत होती. मग तिचं बोट खाली, कानाच्या आतल्या बाजूला सरकलं. "हे इन्सुला. नासलेलं दूध तोंडाशी नेलं की हेच उठतं."

"आणि पत्राचं?"

"पत्राचा राग आहे. 'शाळेत शिकवलं होतं' या शब्दांवर."

सरांनी खुर्ची ओढली. आधीची एकेचाळीस प्रकरणंही दाखव म्हणाले. प्रणोतीनं दोनदा 'राहू द्या' म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही.

त्यात सगळं होतं. नंग्या तलवारी नाचवत मशिदीसमोर थांबून राहिलेली मिरवणूक. तक्रार एका म्हाताऱ्या अत्तरवाल्याची. सरांची रेघ सपाट. जोगिणीच्या वेशात शाळेच्या दारात आलेल्या बाईच्या पेहरावावरची तक्रार, सपाट. नमाजाच्या रांगांना टोळधाड म्हणणारं एक चित्र. तक्रार एका शिक्षिकेची. तिथंही नापसंतीच्या जागी काहीच नव्हतं, पण दुसऱ्याच जागी लहानसा उंचवटा होता.

"हे काय?"

"तुम्हाला हसू आलं होतं, सर. चेहऱ्यावर नाही. आत."

ते चित्र सरांना आठवलं. त्या संध्याकाळी घरी येऊन 'फार हीन चित्र होतं' असं ते बायकोला म्हणाले होते. शिक्षिकेची तक्रार फेटाळली गेली होती.

बुरख्याची प्रकरणं सात होती. सातही वेळा रेघ वर गेली होती. एक दवाखान्यातली नर्स, एक बँकेतली, एक कॉलेजातली एकोणीस वर्षांची मुलगी, जिनं निकालानंतर नाव काढून घेतलं होतं. सरांनी त्यांची नावं आठवायचा प्रयत्न केला. सुनावणीत त्यांनी ती ऐकली होती, सही करताना वाचलीही होती. एकही आठवेना.

"तू मला कधी का सांगितलं नाहीस?" त्यांनी विचारलं.

"आपणहून सील मोडलं की नोकरी जाते, सर." प्रणोती पडदा बंद करत म्हणाली. "आणि मला वाटायचं, तुम्हाला ठाऊक असेल. माणसाला आपल्या आतलं थोडंफार ठाऊक असतंच ना."

घरी ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी शुभदाताईंनी ताट वाढून समोर ठेवलं आणि विचारलं, "अहो, झालंय तरी काय?" त्यांनी सांगितलं. बत्तीस वर्षांच्या संसारात त्या माणसाला असं खाली मान घालून बोलताना शुभदाताईंनी पाहिलं नव्हतं.

"पाव सेकंदाचं काय घेऊन बसलात," त्या म्हणाल्या. "वाटणं आपल्या हातात असतं का? तुम्ही तिला कधी टाकून बोललात? कुणाला बोललात?"

"मी बोललोच नाही. मी नुसता टोपी घालून बसलो, आणि सात बायका घरी गेल्या."

"मग आता गावभर सांगणार का? सील तुमचं आहे. उघडलं नाही तर कुणाला कळणारही नाही."

त्या काही वाईट हेतूनं म्हणाल्या नव्हत्या. आणि सरांना कबूल करावं लागलं, की हे वाक्य ऐकून आपल्याला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची त्यांना इतकी लाज वाटली, की ते ताटावरून उठले.

त्याच दुपारी घोरपडे बाईंचा फोन आला. मुदतीचे अकरा दिवस उरलेत, मुलगी माफी द्यायला तयार नाही, नोकरी जाईल तिची. तुमचं ऐकेल, जरा समजवा. सर 'जातो' म्हणाले. आपण तिला सगळं खरं सांगायला चाललोय, अशी स्वतःची समजूत घालत ते घरातून निघाले.

मुजावरांचं घर सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत होतं. ओसरीच्या आढ्याला वाळलेले भोपळे टांगलेले. तहमीनाचे वडील निजामभाई एका सतारीच्या तारा चढवत बसले होते. "या की मास्तर," म्हणत त्यांनी भुसा झटकून सतरंजी पुढं केली. तहमीना चहा घेऊन आली. घरात ती साध्या सलवार-कमीजमध्ये होती, डोक्यावर ओढणी.

सरांनी चहा घेतला. भोपळे कुठून येतात, ते विचारलं. मग घसा साफ केला, आणि जे सांगायला आले होते ते सोडून त्यांच्या तोंडून भलतंच निघालं.

"तहमीना, दोन ओळी लिहून दे. नुसता कागद तो. पेहरावाचंही बघू, मोजणीपुरता कोट वगैरे घालता येईल. नोकरी टिकली पाहिजे. नंतर माणूस मनात काय ठेवायचं ते ठेवतोच की."

बोलताना त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत होता. वर्गातला, समजूतदार, सगळ्यांना आवडणारा.

तहमीनानं ऐकून घेतलं. "कोटाचा मी विचार केला होता, सर. तापलेल्या उन्हात तोही एकच आणि हाही एकच. पण ते माझं मी ठरवीन. आणि पत्राचं म्हणाल, तर त्यात खोटं वाक्य कुठलं ते दाखवा. मी ते एक वाक्य मागं घेते."

सरांनी रिकामा कप खाली ठेवला.

"दाखवा ना. तुम्ही चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ मारायचात."

"खोटं काही नाही त्यात."

"मग माफी कशाची मागू?"

निजामभाईंनी तारेवरचा हात थांबवला होता. तहमीनानं कप उचलून बाजूला ठेवले आणि शांतपणे म्हणाली, "त्या दिवशी निकाल ऐकून मला फार धक्का बसला नाही, सर. काळजी नाही म्हणाले होते तुम्हाला, ती आपली आशा. दहावीत दिवाळीच्या सुट्टीनंतर मी पहिल्यांदा रुमाल बांधून वर्गात आले. त्याच्या आधी भिंतीवरच्या नकाशावर काही दाखवायचं म्हटलं, की तुम्ही मलाच उठवायचात. रोज. त्या दिवसापासून मार्चपर्यंत एकदाही उठवलं नाहीत."

"मला आठवत नाही," सर म्हणाले. खरंच आठवत नव्हतं.

"तुम्हाला कसं आठवेल? तुम्ही काही केलंच नव्हतं."

मग सरांनी सांगितलं. आलेख, घाटाचा फोटो, नासलेलं दूध, सगळं. ते चित्र पाहून आत आलेलं हसूही सांगितलं. सांगताना त्यांनी तिच्याकडं पाहायचं ठरवलं होतं, पण ते शेवटपर्यंत सतरंजीच्या पट्ट्याकडं पाहत राहिले.

"किती वेळ म्हणालात?" तहमीनानं विचारलं.

"पाव सेकंद."

"मला नेहमी जास्त वाटायचा."

सरांनी हात जोडले, तोंड उघडलं, आणि तिनं त्यांना थांबवलं. "माफ कर म्हणू नका, सर. अब्बांसमोर म्हणालात तर मला 'असू द्या' म्हणावं लागेल. मला ते म्हणायचं नाही."

ते उठले. निजामभाई दारापर्यंत आले, चपला सरळ करून ठेवल्या, पण 'पुन्हा या' म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सरांनी मंडळात अर्ज दिला. आपल्या सर्व नोंदी उघड कराव्यात, आपल्या दोषामुळं झालेले निकाल रद्द करावेत आणि आपल्याला पदावरून कमी करावं. घोरपडे बाईंनी अर्ज दोनदा वाचला.

"कमी करता येईल," त्या म्हणाल्या. "पण दोष कसला लिहिलाय तुम्ही?"

"आलेखात दिसतोय तो. मी तटस्थ नाही."

"तेरदाळकर, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. तटस्थ हा कायद्यातला शब्द झाला. नेमणूक कशी होते, ते सांगू का? आम्ही चारशे माणसं तपासली. त्यांत काही फार कडवे होते, काही फार मवाळ. दोन्ही टोकं काढून टाकली. तुमचा मेंदू बरोबर मधोमध आला. जिल्ह्यातला सरासरी माणूस म्हणून तुम्हाला घेतलं, सगळ्यांत न्यायी म्हणून नव्हे." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "यंत्र चुकलेलं नाही आणि तुम्हीही चुकला नाहीत. सामान्य माणूस असाच असतो, असं यंत्र म्हणतंय."

सहा वर्षं ते पत्र सरांच्या दिवाणखान्यात चौकटीत लावलेलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला शुभदाताई ते दाखवत. चारशेतून एक, असं म्हणत. आता सर घोरपडे बाईंसमोरच्या खुर्चीत बसून राहिले, आणि आपण कसल्या गोष्टीचा तोरा मिरवत होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं.

"तरी मला वाचायचंय," ते शेवटी म्हणाले. "भर सुनावणीत. माझं सील आहे, मी मोडतो."

"वाचा. पण यातून नवी तक्रार होऊ शकते, हे लक्षात घ्या. सगळ्या सामान्य माणसांबद्दल बोलताय तुम्ही."

तहमीनाची मुदत संपायच्या दिवशी त्यांनी ते वाचलं. दालन भरलेलं होतं. सातही प्रकरणांच्या फायली त्यांनी प्रणोतीकडून मागवून घेतल्या होत्या. आधी सातही जणींची नावं वाचली, मग आपले आकडे. 'त्यांच्या कपड्यांत काही नव्हतं, जे होतं ते माझ्यात होतं,' असं वाक्य त्यांनी लिहून आणलं होतं. ते वाचताना त्यांना ते फार बेतलेलं वाटलं, म्हणून मध्येच सोडून दिलं आणि नुसते आकडे वाचले. तहमीना आली नव्हती. ती तिच्या ऑफिसात होती, आणि दुपारी तिनं माफीऐवजी राजीनामा दिला.

सुनावणी संपल्यावर सुहास भोकरे पायऱ्यांवर त्यांची वाट पाहत होता. हेल्मेट हातात घेऊन उभा होता.

"सर, माझ्यात काय निघालं असेल? दुखावलं म्हणून निघालं, की तुमच्यासारखं?"

"तुमची नोंद सीलबंद आहे. अर्ज केला तर मिळते."

भोकरेनं हेल्मेट डोक्यावर चढवलं. "नको," म्हणाला आणि गाडी सुरू करून निघून गेला.

पुढं व्हायचं ते झालं. सरांवर तीन तक्रारी झाल्या, त्यांतल्या दोन टोपीतच गळाल्या. काही घरांतलं बोलावणं बंद झालं. ते एक वेळ बरं होतं. त्यांचं कौतुक करायला येणाऱ्यांचं काय करावं, ते मात्र सरांना कळेना. लोक शाल घेऊन यायचे, केवढं धाडस म्हणायचे. आणि ते ऐकताना आत कुठं उंचवटा येत असेल, ते सरांना आता पक्कं माहीत होतं. शेवटी त्यांनी शुभदाताईंना सांगून टाकलं, की असली माणसं आली तर मी घरात नाही म्हणायचं. दिवाणखान्यातलं पत्र त्यांनीच उतरवलं. शुभदाताईंनी तिथं काही लावलं नाही.

आठ महिन्यांनी वरच्या पीठानं आदेश काढला. यापुढं एकाऐवजी तीन प्रमाण-नागरिक असावेत, वेगवेगळ्या समाजांतले. बुरख्याची सातही प्रकरणं आणि तहमीनाचं आठवं पुन्हा तपासलं गेलं. पाच निकाल फिरले. तहमीनावरची तक्रार पेहरावाबाबत फेटाळली गेली आणि पत्राबाबतही, दोन विरुद्ध एक. ऑफिसनं तिला परत बोलावलं. पण तोवर ती हैदराबादला एका नकाशे करणाऱ्या कंपनीत रुजू झाली होती. निजामभाई रस्त्यात भेटले तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं. तिचा निरोप नव्हता आणि सरांनीही विचारला नाही. कॉलेज सोडलेल्या मुलीचा पत्ता शोधून सरांनी तिला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसरं लिहावं असं त्यांना फार वाटलं, पण ते तिच्यासाठी वाटतंय की स्वतःसाठी, हे ठरेना, म्हणून लिहिलं नाही.

त्या जानेवारीत एका सकाळी सर बहिणीकडं जायला एस.टी. स्टँडवर आले होते. गाडीला वेळ होता. ते खांबाला टेकून उभे असताना बाजूनं आवाज आला. "काका, तासगावची गाडी कुठल्या फलाटाला लागते?"

सर वळले. बुरख्यातली एक बाई उभी होती. हातात पिशवी, कडेवर झोपलेलं मूल.

आणि ते आलं. आधी ते कधी येऊन जायचं, त्यांना कळतही नसे. आता ते त्याला येताना पाहू शकत होते, पोटातून वर, नाकापर्यंत. सर हलले नाहीत. ते जाऊ दे म्हणून थांबले. ते गेलं. मग त्यांना बाईचा चेहरा दिसला, मुलाचं लोंबणारं पाऊल दिसलं, आणि उत्तर आठवलं.

बाई मात्र तेवढ्या वेळात त्यांच्या चेहऱ्याकडं पाहत होती. तिला यंत्र लागलं नाही. "असू द्या," असं हलकेच म्हणून तिनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं.

"सहा नंबर," सर म्हणाले.

तोवर ती चौकशीच्या खिडकीकडं चालू लागली होती.